पहाटे तीनचा कागद

त्या रात्री मी ऑन-कॉल होतो. आमच्या कंपनीत दर पाच आठवड्यांनी एक आठवडा असा येतो की रात्री-बेरात्री सर्व्हर पडला तर फोन तुम्हाला येतो. उशाशी लॅपटॉप, फोनचा आवाज पूर्ण वाढवलेला. दोन वाजून चाळीस मिनिटांनी फोन वाजला तेव्हा मी अर्धवट झोपेत आधी लॅपटॉप उघडला आणि मग स्क्रीनवरचं नाव बघितलं. फोन बाबांचा होता.

"दादाला दम लागलाय. एकशेआठमधून नगरला आणलंय. डॉक्टर विचारतायत, व्हेंटिलेटरवर घ्यायचं का. मला काही सुधरंना. तूच बोल."

दादा म्हणजे माझे आजोबा. वय 83. दोन वर्षांपासून हृदयाचं पंपिंग वीस टक्क्यांवर आलेलं. पुढच्या सेकंदाला फोनवर एका तरुण डॉक्टरचा थकलेला आवाज आला: "ऑक्सिजन पडतोय, ट्यूब टाकावी लागेल. हार्ट बंद पडलं तर सीपीआर द्यायचा ना? फॅमिलीचं काय म्हणणं आहे?"

मी दहा-बारा सेकंद घेतले असतील. म्हणालो, "डॉक्टर, जे शक्य आहे ते सगळं करा."

फोन ठेवला आणि समोर उघडा लॅपटॉप दिसला. त्यावर आमची ऑन-कॉलची मार्गदर्शिका उघडलेली होती. डेटाबेस प्रतिसाद देत नसेल तर पहिल्यांदा काय तपासायचं, कुणाला उठवायचं, किती मिनिटं वाट बघायची, कुठल्या टप्प्याला खटपट थांबवून दुसरा मार्ग धरायचा, सगळं क्रमाने लिहिलेलं. हे का लिहितात? पहाटे तीनला कुणाचंही डोकं धड चालत नाही, म्हणून ते दुपारी तीनला, चहा पिऊन, सगळ्यांनी बसून ठरवून ठेवायचं असतं. लोकांना चपला विकणाऱ्या एका अ‍ॅपसाठी आमच्याकडे असा सहा पानी कागद होता. दादांसाठी एक ओळ नव्हती.

हा लेख त्या एका ओळीबद्दल आहे. ती ज्याची त्याने, बोलता येतंय तोवर, सांगितली पाहिजे आणि आपण ती लिहून घेतली पाहिजे, एवढंच माझं म्हणणं आहे. साधं वाटतं. पण घर, दवाखाना आणि सरकार, तिघांनाही ते जमत नाही, आणि त्याची किंमत मरणारा माणूस भरतो.

सांगितलं होतं, ऐकलं नव्हतं

दादांनी सांगितलं नव्हतं असं नाही. राहुरी तालुक्यातल्या आमच्या घराच्या ओट्यावर बसून ते दर दिवाळीला सांगायचे, "मला आता नगर-पुणं फिरवू नका. हितंच, या वट्यावर. तोंडात पाणी घाला आन् पोरीला बोलावून घ्या." आजी लगेच म्हणायची, "सणासुदीचं अभद्र बोलू नका. वास्तू तथास्तु म्हणती." आई विषय बदलायची. मी मोबाइलमध्ये असायचो. एकदा तर मी म्हणालो होतो, "दादा, तुम्ही शंभर करणार." ते हसले नाहीत. आता वाटतं, मी त्यांना आशीर्वाद नव्हता दिला, गप्प केलं होतं.

नळी घातल्यावर दुसऱ्या दिवशी ते शुद्धीवर होते. हात कापडी पट्ट्यांनी कॉटला बांधलेले, कारण नळी उपसतील. मी पोचल्यावर पट्टी जरा सैल केली तर त्यांनी बोटाने आधी नळीकडे दाखवलं, मग दाराकडे. आम्ही तिघं शेजारी उभे होतो. तिघांनाही कळलं. आत्या म्हणाली, "दादा, बरं व्हायचंय ना?" आणि मी मान हलवली. त्यांच्या बाजूने बोलायला तिथे त्यांचा स्वतःचा शब्द हवा होता, आणि तो आम्ही ओट्यावरच वाऱ्यावर सोडला होता.

सहाव्या दिवशी हृदय थांबलं. सीपीआर दिला, ते परत चालू झालं. त्यानंतर दादा काही शुद्धीवर आले नाहीत. छातीच्या दोन फासळ्या मोडल्याचं नंतर कळलं. नवव्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेतलं: "आता काही राहिलेलं नाही. तुमची इच्छा असेल तर घरी नेऊ शकता. पण सही लागेल." तो कागद मी वाचला. वैद्यकीय सल्ल्याच्या विरोधात, स्वतःच्या जबाबदारीवर रुग्णाला नेत आहोत, असं त्यावर होतं. सल्ला त्यांचाच होता, विरोध आमच्या नावावर लागला.

अ‍ॅम्ब्युलन्समध्ये एक पोरगा हाताने रबरी फुगा दाबत बसला होता. नगर-मनमाड रस्त्याचे खड्डे जिल्ह्यातल्या कुणाला सांगायला नकोत. विळद घाटात दादा गेले. ओटा पंचवीस किलोमीटर राहिला होता.

मी त्या दवाखान्याला चोर म्हणत नाही. तिथल्या लोकांनी मी सांगितलं तेच केलं. राग आहे तो या व्यवस्थेवर, जिच्यात 'काहीही न ठरवणं' याचा अर्थ आपोआप 'सगळं करा' असा होतो. आमच्या भाषेत याला डीफॉल्ट सेटिंग म्हणतात. तुम्ही काही निवडलं नाही तर कुणीतरी आधीच निवडून ठेवलेलं लागू होतं. आणि आयसीयूमधलं डीफॉल्ट कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारून ठेवलेलं नाही.

सिनेमातला शॉक

"सीपीआर द्यायचा ना?" या प्रश्नाला मी हो म्हणालो तेव्हा माझ्या डोक्यात सिनेमा होता. मशीनची रेघ सरळ होते, डॉक्टर ओरडतो, छातीवर शॉक बसतो, हिरो डोळे उघडतो. 1996 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी टीव्ही मालिकांमधले सीपीआर चक्क मोजले आणि न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापले. पडद्यावरचे 67 टक्के रुग्ण वाचून घरी गेल्याचं दिसत होतं. प्रत्यक्षात, सगळ्या सोयी असलेल्या श्रीमंत देशांच्या रुग्णालयांतही, हृदय थांबलेल्या चार-पाच जणांतला साधारण एक घरी जातो. आणि हा सगळ्यांचा मिळून आकडा आहे. शेवटच्या टप्प्यातला कॅन्सर, थकलेलं हृदय, निकामी झालेली किडनी, त्यावर वय, अशा माणसाचा आकडा त्याहून पुष्कळ खाली असतो.

सीपीआरमध्ये छाती पाच-सहा सेंटिमीटर खाली जाईल इतक्या जोराने, मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबतात. म्हाताऱ्या हाडांत फासळ्या मोडणं ही चूक नसते, ते अपेक्षितच असतं. बाहेरून छाती दाबून हृदय चालू ठेवण्याची ही पद्धत 1960 मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी जगापुढे मांडली, तेव्हा ती होती अचानक थांबलेल्या, पण मुळात धडधाकट हृदयासाठी. भूल देताना अडकलेला श्वास, विजेचा धक्का, पाण्यात बुडालेलं पोर. तिथे ती चमत्कारच आहे. उद्या तुमच्या ऑफिसात चाळिशीचा सहकारी कोसळला तर क्षणभर थांबू नका, छाती दाबायला लागा. ते शिकून घ्या, ते आपलं कर्तव्यच आहे. पण हृदय थांबल्यामुळे मरणं आणि मरत असल्यामुळे हृदय थांबणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दादांचं दुसरं होतं. हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मी कुणाला विचारलं नाही.

'पुण्याहून आलेला नातू'

अमेरिकन डॉक्टरांच्या एका लेखात 1991 मध्ये 'कॅलिफोर्नियाहून आलेली मुलगी' असं एका प्रकाराला नाव दिलं गेलं. म्हाताऱ्याजवळ राहणाऱ्यांनी आणि डॉक्टरांनी शांतपणे काही ठरवलेलं असतं. मग लांबून एक नातेवाईक येते, जी वर्षभर आलेली नसते, आणि म्हणते, सगळे उपचार करा, काही सोडू नका. तिचा आवाज मोठा असतो, कारण तिचा अपराधीपणा मोठा असतो.

आपल्याकडे तो पुण्याहून आलेला नातू असतो. मीच तो. हिंजवडीच्या बाराव्या मजल्यावरून गावाकडे औषधांचे पैसे यूपीआयने पाठवायचे, महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉल, आणि शेवटच्या आठवड्यात आयसीयूच्या दारात उभं राहून 'खर्चाची काळजी करू नका' म्हणायचं. ते वाक्य मी दादांसाठी बोललो नव्हतो. माझ्यासाठी बोललो होतो. चुलते काय म्हणतील, भावकी काय म्हणेल, 'एवढा इंजिनियर नातू असून म्हाताऱ्याला मरू दिलं' असं दशक्रियेला कुणी बोलेल, ही भीती त्यात होती. वाचणाऱ्यांपैकी अर्धेअधिक लोक उद्या याच जागेवर उभे असणार आहेत, म्हणून हे तुम्हाला सांगतोय.

'आपल्यात असं बोलत नाहीत'

हा आक्षेप मी इतक्यांदा ऐकलाय की आता त्याचा राग येतो. कोणात बोलत नाहीत? आमच्या जिल्ह्यात नेवासे आहे. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली असं मानतात, तो खांब अजून तिथे आहे. ती सांगणाऱ्याने पुढे 1296 मध्ये आळंदीला स्वतःच्या जाण्याची वेळ आणि जागा ठरवून, सगळ्यांचा निरोप घेऊन समाधी घेतली, आणि सातशे वर्षं आपण त्या प्रसंगाचं कीर्तन ऐकत आलोय. 1982 च्या नोव्हेंबरात पवनारच्या आश्रमात 87 वर्षांच्या विनोबांनी हृदयविकाराच्या झटक्यानंतर अन्न, पाणी आणि औषध नाकारलं. पंतप्रधानांपासून सगळ्यांना कळलं होतं. 15 नोव्हेंबरला ते गेले. कुणी नळी घातली नाही. त्यांचा मार्ग सगळ्यांनी धरावा असं मी म्हणत नाही. पण मरणाबद्दल तोंड उघडणं आपल्या मातीला परकं आहे, हे मला सांगू नका.

आणि गावातली म्हातारी माणसं बोलतच असतात. जमिनीची वाटणी, बहिणींचं हक्कसोड, दहाव्याला कुठल्या महाराजांचं प्रवचन ठेवायचं, सगळं बोलून झालेलं असतं. पेटीच्या तळाशी नवं लुगडं आणि क्रियाकर्माचे पैसे बांधून ठेवलेल्या आज्या मी पाहिल्यात. मेल्यानंतरच्या तेरा दिवसांचं नियोजन आपल्याकडे चोख असतं. मरण्याआधीच्या तेरा दिवसांचं कुणी करत नाही. अभद्र तेवढंच ठरतं.

कायदा आहे, गावापर्यंत आलेला नाही

दादांच्या नंतर मी वाचायला लागलो. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 9 मार्च 2018 रोजी 'कॉमन कॉज'च्या खटल्यात सांगितलं की सन्मानाने मरणं हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, आणि सज्ञान माणूस आधीच लिहून ठेवू शकतो की आपण बोलू शकत नसू आणि बरं होण्याची आशा नसेल तेव्हा कुठले उपचार नकोत. तेव्हाची पद्धत किचकट होती, कागदावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची. 24 जानेवारी 2023 ला न्यायालयाने ती सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. आपल्या वतीने बोलणाऱ्या एक किंवा अधिक माणसांची नावं त्यात लिहायची. वेळ आली की दवाखान्यातलं डॉक्टरांचं एक मंडळ आणि त्यावर दुसरं मंडळ बघतं, प्रत्येकाने शक्यतो 48 तासांत मत द्यायचं. असा कागद नसला तरी जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने याच पद्धतीने उपचार थांबवता येतात.

शेवटचं वाक्य परत वाचा. म्हणजे दादांना 'सल्ल्याविरुद्ध' नेण्याची गरजच नव्हती. दवाखान्यातच, नळी काढून, वेदना होऊ नयेत म्हणून औषध देऊन, आत्याचा हात हातात असताना त्यांना जाऊ देणं कायदेशीर होतं. पण कोर्टाची भीती आहे, नातेवाइकांच्या मारहाणीची भीती आहे, आणि मंडळं बसवण्यापेक्षा एक सही घेणं सोपं आहे. म्हणून आपल्याकडे उपचार थांबवण्याचा रोजचा, खराखुरा फॉर्म म्हणजे तो 'स्वतःच्या जबाबदारीवर डिस्चार्ज'चा कागद. दवाखाने मोकळे, सरकार मोकळं, आणि माणूस खड्ड्यांतून रबरी फुग्यावर.

2023 च्या निकालानुसार या कागदाची प्रत महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीच्या अधिकाऱ्याकडे द्यायची आणि तिथे ती सांभाळायला एक माणूस नेमलेला असायला हवा. तो नेमलाच जात नव्हता, म्हणून मुंबईचे डॉ. निखिल दातार यांना उच्च न्यायालयात जावं लागलं. मुंबई महापालिकेने वॉर्डांतले आरोग्य अधिकारी या कामासाठी नेमले. गोव्यात 2024 च्या मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचा असा कागद नोंदवून सुरुवात करून दिली. कर्नाटक सरकारने जानेवारी 2025 मध्ये परिपत्रक काढून डॉक्टरांची मंडळं कशी नेमायची ते सांगितलं.

मी गावातल्या ग्रामसेवकांकडे गेलो. माणूस भला. "वैद्यकीय इच्छापत्र कुठे जमा करायचं?" म्हटल्यावर म्हणाले, "मृत्युपत्र का? ते राहुरीला, सबरजिस्ट्रारकडे." मी म्हटलं, नाही, जिवंतपणीचं. त्यांनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं आणि विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" मग चहा पाजला. जिल्ह्याचं नाव नगरचं अहिल्यानगर झालं, तो बदल सातबाऱ्यापासून एसटीच्या पाटीपर्यंत पोचला. हा बदल मात्र दिल्लीहून निघाला आणि वाटेत कुठेतरी उतरला.

पण पहाटे तीनला मंडळ कुठून आणणार?

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण ती मलाही उशिरा कळली. न्यायालयाने सांगितलेला कागद आयसीयूत दिवसेंदिवस चाललेल्या उपचारांसाठी आहे. हृदय थांबल्यावर हातात काही मिनिटं असतात. तिथे दोन मंडळं आणि 48 तास काय कामाचे?

त्यासाठी वेगळा, छोटा निर्णय लागतो, आणि तोही आपल्याकडे लिहिलेला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, 2020 मध्ये 'हृदय थांबल्यास पुनरुज्जीवनाचा प्रयत्न करू नये' या निर्णयाबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली, सोबत फॉर्मचा नमुनाही दिला. गाभा असा: आजार बरा होण्यापलीकडे गेला असेल आणि सीपीआरने फायद्यापेक्षा हालच जास्त होणार असतील, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरने रुग्णाशी, त्याला शक्य नसेल तर त्याच्या माणसांशी, आधी बोलावं आणि ठरलेलं लिहून ठेवावं. हा निर्णय फक्त सीपीआरपुरता असतो. ऑक्सिजन, औषधं, वेदनाशमन, शेजारी बसणं, काही थांबत नाही. 'सीपीआर नको' याचा अर्थ 'सोडून दिलं' असा घेणारे नातेवाईक चुकतात, आणि तसे वागणारे डॉक्टर त्याहून जास्त चुकतात.

ब्रिटनमध्ये एक पाऊल पुढे जाऊन एकच फॉर्म करतात. त्यात सुरुवातीला 'तुमच्यासाठी काय महत्त्वाचं आहे' हे विचारतात: जास्त दिवस जगणं की कमी त्रासात राहणं, या दोहोंमध्ये तुम्ही कुठे आहात? त्यावरून ठरतं की अचानक तब्येत बिघडली तर दवाखान्यात न्यायचं का, आयसीयूत न्यायचं का, सीपीआर द्यायचा का. कागद रुग्णाजवळ राहतो, अ‍ॅम्ब्युलन्सवाल्याला दाखवता येतो. दादांचं उत्तर मला माहीत आहे. ते एका ओळीत बसलं असतं.

हा कागद गरिबाच्या गळ्यात पडेल का?

हा आक्षेप खरा आहे, आणि त्याला उडवून लावणाऱ्यांवर मी विश्वास ठेवणार नाही. आपल्याकडे लोक उपचार न मिळाल्यानेही मरतात. जमिनीवर डोळा ठेवून बसलेले वारस असतात. बेड कमी पडला की 'म्हाताऱ्याचा कागद आहे ना' म्हणणारा दवाखानाही निघेल. ब्रिटनमध्येच कोविडच्या काळात वृद्धाश्रमांत आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्या लोकांच्या फायलींवर, त्यांना न विचारता, 'सीपीआर नको' असे शेरे मारल्याच्या तक्रारी आल्या, आणि तिथल्याच नियामक संस्थेला 2021 मध्ये त्यावर अहवाल काढावा लागला. 2014 मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने स्पष्ट सांगितलं होतं की रुग्णाशी न बोलता असा शेरा मारणं हा त्याच्या हक्कांचा भंग आहे. तरीही झालं.

यातून मी धडा घेतो तो असा: कागद दुसऱ्याने भरला की तो हत्यार होतो. म्हणून तो ज्याचा त्याने भरायचा, मत बदललं की फाडून नवा करायचा, आणि त्यावर 'सगळं करा' असं लिहिण्याचा हक्क 'काही करू नका' इतकाच पक्का असायला हवा. कागद नसल्याने गरीब सुरक्षित राहतो, हेही खोटं आहे. आत्ता काय होतं? पैसे आहेत तोवर व्हेंटिलेटर, पैसे संपले की सही करून घरी. आमच्या नवव्या दिवशी डॉक्टरांचं मत जसं बदललं, तसं त्याच दिवशी बाबांचं उसाचं बिलही संपलं होतं. यात दादांची इच्छा कुठे होती?

कोण विचारणार?

डॉक्टरला वेळ नाही, हे मला मान्य आहे. मग हे काम फक्त डॉक्टरचंच का? आमच्याच जिल्ह्यात जामखेडला 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे आले आणि त्यांनी गावातल्या बायकांना, ज्यांतल्या कित्येक निरक्षर होत्या, आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. बाळंतपण, जुलाब, कुष्ठरोग, ज्या गोष्टींबद्दल तेव्हा गावात उघड बोलत नसत, त्या या बायकांनी ओट्या-ओट्यावर बोलत्या केल्या. जगभरातून लोक ते शिकायला जामखेडला आले. केरळने 2008 मध्ये मरणासन्न आणि अंथरुणाला खिळलेल्या लोकांच्या सेवेसाठी धोरण केलं आणि ते काम पंचायतींशी जोडलं. तिथे नर्स घरी येते. आपल्याकडे गावोगाव आशाताई आहे. तिच्यावर आधीच शंभर कामं लादलेली आहेत, त्यात हे फुकटात ढकलू नका. नीट शिकवा, नीट पैसे द्या. पण ज्या जिल्ह्याने जामखेड करून दाखवलं, त्याने 'आमचे लोक अडाणी, त्यांच्याशी हे कसं बोलणार' असं म्हणू नये.

आणि हे फक्त म्हाताऱ्यांचं आहे असंही समजू नका. या देशात ही सगळी चर्चा ज्या माणसामुळे सुरू झाली, ती मुंबईच्या केईएम रुग्णालयातली नर्स अरुणा शानबाग. 27 नोव्हेंबर 1973 ला तिच्यावर हल्ला झाला तेव्हा ती 25 वर्षांची होती. त्यानंतर जवळजवळ 42 वर्षं, 18 मे 2015 पर्यंत, ती एका खाटेवर होती. तिच्यासाठी पिंकी विराणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. केईएमच्या परिचारिका, ज्यांनी तिला पोटच्या पोरीसारखं सांभाळलं, विरोधात उभ्या राहिल्या. 2011 च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या लोकांचा. दोन्ही बाजूंना तिच्याबद्दल माया होती. दोन्ही बाजू तिच्या वतीने बोलत होत्या. तिला काय हवं असतं, हे दोघींनाही माहीत नव्हतं, कारण पंचविशीतल्या मुलीला ते कोण विचारणार? मी आज तिच्यापेक्षा मोठा आहे आणि दर शुक्रवारी रात्री पुणे-नगर रस्त्यावर दुचाकी चालवतो.

आजीचं उत्तर

दादांच्या वर्षश्राद्धानंतर मी आजीला विचारलं. सकाळची वेळ, ती ओट्यावर लसूण सोलत होती. मला वाटलं होतं, ती चिडेल. तिने लसूण खाली ठेवला.

"मला न्या दवाखान्यात," ती म्हणाली. "तुझ्या आजाला नको व्हतं. मला पाहिजे. मला आजून जगायचंय."

मी गप्प. मनात मी तिचं उत्तर आधीच लिहून ठेवलं होतं, आणि ते चूक निघालं.

"पण," ती पुढे म्हणाली, "तुम्हाला वळखतीय, दोन शब्द बोलतीय, तवर करा. पार वळख गेली, तर मग नळ्या घालून ठेवू नका. तवा घरी आणा. आन् तुझ्या बापाला नका इचारू, तो रडत बसंल. तुझ्या आत्याला इचारा. तिचं काळीज घट्ट हाये."

एवढंच बोलायला तिला पाच मिनिटं लागली. त्यात उपचार कुठवर करायचे ते आलं, कुठे मरायचं ते आलं, आणि आपल्या वतीने कोण बोलणार हेही आलं. मी तिच्या शब्दांत तसंच लिहिलं, वाचून दाखवलं. तिने एक दुरुस्ती सांगितली: "बाभळीजवळचं वावर ईकू नका दवाखान्यासाठी, तेबी लिव्ह." तेही लिहिलं. राहुरीला नोटरी केली. एक प्रत आत्याकडे, एक गावातल्या डॉक्टरांकडे, एक देव्हाऱ्याच्या खणात, एक सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर. पंचायतीत द्यायची प्रत ग्रामसेवकांनी आवक रजिस्टरला नोंदवून घेतली. कुठल्या फायलीत लावायची ते त्यांना अजून ठरवता आलेलं नाही.

सरकारने काय करायला हवं, ते वर सांगितलं: प्रत्येक पंचायतीत नेमलेला माणूस, प्रत्येक जिल्हा रुग्णालयात बसणारं मंडळ, 108 च्या गाडीला दाखवता येईल असा एक पानी मराठी फॉर्म. ते मागत राहू. पण त्याची वाट बघत थांबायला माझी आजी मोकळी नाही, आणि तुमचीही नाही.

या दिवाळीला गावी जाल. ओट्यावर कुणीतरी म्हणेल, "माझं आता काय राहिलंय." त्या वेळी 'तुम्ही शंभर करणार' म्हणू नका. फोन खाली ठेवा आणि विचारा: मग तुम्हाला काय हवंय?